परदेशी राहायला जाताना आरोग्यविमा कसा निवडावा

परदेशी जायचं ठरलं की विमा पहिल्यांदा भेटतो तो व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत. तिथे तो पासपोर्टच्या फोटोशेजारी असतो, म्हणून फोटोसारखाच उरकला जातो. स्वस्तात मिळेल तिथून घ्यायचा, पीडीएफ जोडायची आणि विसरून जायचं. पंधरा दिवसांच्या सहलीला हे चालून जातं. वर्षभराच्या मुक्कामाला चालत नाही, कारण 'परदेशासाठी मेडिकल' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, म्हणजे प्रवासविमा, तुम्हाला तात्पुरतं सावरतो आणि मायदेशी पोहोचवतो. दुसरा, म्हणजे खरा आरोग्यविमा, तुम्ही जिथे राहता तिथेच तुमच्यावर उपचार करवतो.

पाय मोडला असं समजा. पहिल्या दिवशी दोन्ही विमे सारखेच वागतात: रुग्णवाहिका, एक्स-रे, ऑपरेशन. फरक कळतो तो नंतर. प्रवासविमा म्हणतो, पेशंट आता विमानात बसण्याइतका बरा आहे, मायदेशी जा, पुढचं तिकडे बघा. फिजिओथेरपीच्या बैठका, वर्षभराने प्लेट काढायचं दुसरं ऑपरेशन, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. मोडलेल्या पायाऐवजी आजार कर्करोगाचा असला तर हाच फरक फार महागात पडतो. 'परत जायला नकार दिलात तर त्या आजाराचा खर्च आम्ही थांबवू' अशा अर्थाचं कलम प्रवासविम्यात सर्रास असतं. ज्याची नोकरी, घर, मुलांची शाळा सगळं तिकडेच आहे, त्याने परत जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं?

म्हणून कुठलीही पॉलिसी समोर आली की आधी एक प्रश्न विचारा: आज निदान झालं, तर दुसऱ्या महिन्यात पैसे कोण देणार? खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच प्रश्न सोबत ठेवायचा आहे.

पहिली पायरी: तो देश तुम्हाला कोण समजतो?

विमा कंपन्यांच्या वेबसाइट उघडण्याआधी हे शोधा. तुमच्या व्हिसावर त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्ययोजनेत तुम्हाला जागा आहे का? असेल तर बहुतेक वेळा तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सार्वजनिक योजना जुना मधुमेह ऐकून दार लावत नाही आणि वय वाढलं म्हणून बाहेरही काढत नाही. खासगी पॉलिसीत या दोन्ही गोष्टींसाठी भांडावं लागतं.

नियम देशागणिक बदलतात, पण त्यांचे काही ठरावीक साचे आहेत. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला सार्वजनिक विमा घ्यावाच लागतो; साधारणपणे बिलाच्या ३० टक्के आपण भरायचे, बाकी योजना भरते, आणि महिन्याचा खर्च फार वाढला तर त्यालाही वरची मर्यादा आहे. दक्षिण कोरियात जुलै २०१९ पासून सहा महिने किंवा त्याहून जास्त राहणाऱ्यांना राष्ट्रीय विमा सक्तीचा झाला. स्वित्झर्लंडमध्ये विमा खासगी कंपन्या विकतात, पण मूळ पॉलिसीतले लाभ कायद्याने ठरलेले असतात आणि कंपनीला कुणालाही नाही म्हणता येत नाही. तिथे राहायला गेल्यापासून तीन महिन्यांत नाव घातलं तर कव्हर आल्या दिवसापासून धरलं जातं. उशीर केला तर ते नाव घातल्या दिवसापासूनच सुरू होतं, वर जादा प्रीमियमचा दंडही बसू शकतो.

ब्रिटनचा मार्ग निराळा. सहा महिन्यांहून लांबच्या व्हिसासाठी अर्ज करतानाच आरोग्य अधिभार भरून घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून हा दर प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालच्यांना ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे एकदम, त्यामुळे कुटुंबाचा आकडा पाहून धक्का बसतो. मात्र त्या बदल्यात सरकारी आरोग्यसेवा रहिवाशांसारखीच वापरता येते आणि जुने आजार कुणी विचारत नाही. दातांचे उपचार आणि इंग्लंडमधली औषधांची चिठ्ठी यांचे पैसे वेगळे पडतात.

संयुक्त अरब अमिरातीत कर्मचाऱ्याचा विमा काढणं मालकाच्या गळ्यात आहे. आधी अबुधाबी आणि दुबई, आणि १ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या अमिरातींतही. इथे एक खाच लक्षात ठेवा: दुबईत पत्नी-मुलांचा विमा काढायची जबाबदारी त्यांना ज्याने स्पॉन्सर केलं त्याच्यावर असते, म्हणजे बहुधा तुमच्यावरच. 'कंपनी विमा देते' एवढ्यावर थांबू नका. कुणाकुणाचा देते, ते विचारा.

युरोपला जाणाऱ्यांची एक चूक वारंवार होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो नियम अल्प मुदतीच्या व्हिसाचा आहे, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहणाऱ्यांसाठी. शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याला राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याचे विम्याचे नियम त्या त्या देशाचे असतात. जर्मनीत पदवीसाठी गेलेल्या विद्यार्थ्याने हा प्रवासविमा दाखवला तर विद्यापीठात नाव नोंदवलं जात नाही. तिथे सार्वजनिक विमा तरी हवा, नाहीतर त्यातून सूट घेतल्याचा दाखला. आणि ही सूट घेताना दहादा विचार करावा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. खासगी स्वस्त दिसला म्हणून एकदा सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत मागे फिरता येत नाही. दरमहा वाचणारे थोडे युरो पाहून केलेली ही सही पुढे जुना आजार उपटला की फार सलते.

दुसरी पायरी: मधले दिवस

ही पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. सार्वजनिक योजनेचा हक्क मिळाला म्हणजे विमानतळावर उतरल्या क्षणी तो लागू होतो असं नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नवख्या माणसाला ज्या महिन्यात आला तो उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. कोरियातले पहिले सहा महिने आपल्याच भरवशावर काढायचे असतात. विद्यार्थ्यांसारख्या काही व्हिसांना मात्र हा हक्क लवकर मिळतो. अमेरिकेत नवीन नोकरीचा विमा पहिल्याच दिवशी सुरू झाला तर नशीब. कायद्याने मालक ९० दिवसांपर्यंत थांबवू शकतो.

प्रवासविमा खरा उपयोगी पडतो तो इथे. महिना-दोन महिन्यांच्या पुलासाठी तो स्वस्त आणि पुरेसा आहे, मात्र मुदत वाढवता येणारा घ्या, कारण नोंदणीची कागदपत्रं कधीच ठरल्या वेळेत येत नाहीत. आणि तो निघण्याआधी घ्या. घर सोडल्यावर बऱ्याच कंपन्या नवी प्रवास-पॉलिसी देत नाहीत.

पूल जाण्याच्याच नव्हे, निघण्याच्या बाजूलाही लागतो. अमेरिकेत नोकरी सुटली की मालकाचा विमाही सुटतो. वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आता आपणच भरायचा, म्हणजे एकूण प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत. तो आकडा नोकरीत असतानाच एकदा विचारून ठेवावा.

तिसरी पायरी: पॉलिसी शेवटून वाचा

सार्वजनिक योजनेत जागा नसेल, किंवा तुम्ही दोन-तीन देशांत फिरत काम करणार असाल, तर खासगी आंतरराष्ट्रीय आरोग्यविमा घ्यावा लागतो. त्याच्या माहितीपत्रकातली पहिली चार पानं विकण्यासाठी लिहिलेली असतात. कामाची पानं दोन: व्याख्या आणि अपवाद. मी तिथूनच वाचायला सुरुवात करतो. विमा रकमेचा मोठा आकडा सगळ्यात शेवटी.

व्याख्यांत पहिलं शोधायचं ते 'पूर्वीपासूनचा आजार'. निदान झालेला आजार एवढाच त्याचा अर्थ लोक धरतात. बहुतेक पॉलिसींत व्याख्या त्याहून रुंद असते: लक्षणं होती, सल्ला घेतला होता, तपासणी करून घेतली होती, एवढंही पुरतं. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून एकदा डॉक्टरांकडे गेला होता, तर आजचं गुडघ्याचं ऑपरेशन त्या व्याख्येत ओढता येतं.

याची तपासणी कंपन्या दोन पद्धतींनी करतात. पहिलीत अर्जाच्या वेळीच सगळा वैद्यकीय इतिहास मागतात, वाचतात आणि लेखी कळवतात की हे घेतलं, हे वगळलं, यासाठी जादा प्रीमियम. दुसरीला मोरॅटोरियम म्हणतात. त्यात सुरुवातीला फारसं विचारत नाहीत. मागच्या काही वर्षांतले आजार आपोआप वगळलेले असतात, आणि पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ, बहुधा सलग २४ महिने, त्या आजाराची ना लक्षणं ना औषध असं गेलं तरच तो कव्हरमध्ये येतो. दुसरी पद्धत सोपी वाटते, अर्ज पाच मिनिटांत होतो. पण जुना इतिहास चाळला जातो तो क्लेम आल्यावर, म्हणजे तुम्ही हॉस्पिटलात असताना. रक्तदाबाची रोज गोळी घेणाऱ्याचे 'औषधाविना २४ महिने' तर कधीच पूर्ण होत नाहीत. त्यामुळे जुना आजार असेल त्याने पहिलीच पद्धत घ्यावी. कटकट आधी झालेली बरी.

अर्जात काहीही लपवू नका. लपवलेलं सापडलं तर तो क्लेम जातोच, पूर्ण पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंट 'हे लिहायची गरज नाही' म्हणाला तर त्याच्याकडून ते ई-मेलवर मागा. बहुधा ई-मेल येत नाही, आणि तेच उत्तर समजायचं.

अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठीच्या पॉलिसींत आणखी एक शब्दप्रयोग भेटेल: पूर्वीच्या आजाराचा 'अचानक तीव्र झटका'. ते कव्हर आहे म्हणून घरचे निश्चिंत होतात. व्याख्या वाचली तर कळतं की झटका पूर्वसूचनेविना आलेला हवा, ठरावीक तासांत उपचार सुरू व्हायला हवेत, वयाची अट आहे आणि रक्कम वेगळी, बरीच कमी आहे. मधुमेहाची नेहमीची तपासणी किंवा हळूहळू वाढलेला त्रास यात येत नाही.

अपवादांत बाकी नेहमीचे पाहुणे असतात: दारूच्या अमलाखालचा अपघात, तिथला परवाना नसताना चालवलेली दुचाकी, साहसी खेळ, युद्ध, आणि सरकारने जाऊ नका म्हटलेल्या भागातला प्रवास. दुचाकीचं कलम मनावर घ्या. परदेशात स्कूटर भाड्याने देणारा परवाना पाहत नाही, विमा कंपनी मात्र पाहते.

चौथी पायरी: आकडे एकमेकांवर घासून बघा

डिडक्टिबल म्हणजे आधी आपल्या खिशातून जायची रक्कम. त्यानंतरच्या बिलाचा टक्केवारीतला आपला वाटा म्हणजे को-इन्शुरन्स. आणि वर्षात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल त्याची मर्यादा म्हणजे आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम. नवखा माणूस पहिल्या आकड्यावर अडतो. मला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हिशोब करून बघा. डिडक्टिबल ५०० डॉलर, को-इन्शुरन्स २० टक्के. बिल २०,००० चं आलं तर आधी ५०० गेले, उरलेल्या १९,५०० चे २० टक्के म्हणजे ३,९००. एकूण ४,४०० आपले. बिल २,००,००० चं आलं आणि मर्यादा नसेल तर आपला वाटा ४०,४०० होतो. तीच पॉलिसी ३,००० च्या मर्यादेसह असेल तर दोन्ही वेळा ३,०००. प्रीमियममधला फरक या उत्तराशेजारी मांडून बघा, मग महाग काय ते ठरवा.

याच्या उलट टोकाला 'ठरावीक लाभ' देणाऱ्या पॉलिसी असतात. वर झळकते मोठी विमा रक्कम, आत लिहिलेलं असतं की हॉस्पिटलच्या एका दिवसाला एवढे, ऑपरेशनला एवढे, डॉक्टरांच्या एका भेटीला एवढे. बाकीचं सगळं तुमचं. महागड्या वैद्यकीय सेवेच्या देशात ही पॉलिसी म्हणजे वादळात धरलेली कागदी छत्री. ओळखायची खूण सोपी आहे: लाभांच्या तक्त्यात टक्क्यांऐवजी बारीकसारीक रकमा दिसल्या की सावध व्हा.

कायद्याने मागितलेला किमान आकडा हा फक्त उंबरठा समजा. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाला (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जाणाऱ्यांचा व्हिसा) प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय स्थलांतरासाठी, म्हणजे रुग्णाला उपचारांसाठी दुसरीकडे हलवण्यासाठी, ५०,००० आणि पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५,००० असं कव्हर लागतं, आणि डिडक्टिबल ५०० पेक्षा जास्त चालत नाही. कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलर आणि निदान एक वर्ष. हे आकडे व्हिसा मिळवून देतात. अतिदक्षता विभागातल्या लांब मुक्कामाला ते पुरतीलच असं नाही.

पाचवी पायरी: कुठे चालेल, आणि कुठे नेतील

आंतरराष्ट्रीय पॉलिसी क्षेत्रानुसार विकल्या जातात. सगळ्यात ठळक रेघ 'जगभर' आणि 'जगभर, अमेरिका वगळून' यांच्यात असते, आणि तिथे प्रीमियममध्ये मोठी उडी पडते. अमेरिकेत राहणार नसाल तर अमेरिकेसकटचं कव्हर घेऊ नका. वर्षातून एकदा आठवडाभर जाणं होत असेल तर तेवढ्यापुरता प्रवासविमा काढणं सोपं. दुसरी रेघ मायदेशाची. सुटीत घरी आल्यावर पॉलिसी किती दिवस आणि कशासाठी चालते हे पॉलिसीत वेगळं लिहिलेलं असतं, आणि दिवस मोजून दिलेले असतात.

वैद्यकीय स्थलांतराबद्दल गैरसमज फार. विमानाने हलवतात ते जवळच्या योग्य हॉस्पिटलात, तुमच्या घरी नाही. योग्य म्हणजे काय हे कंपनीचे डॉक्टर ठरवतात. आणि व्यवस्था त्यांच्याच मदतकेंद्रामार्फत व्हावी लागते; नातेवाइकांनी घाईत स्वतः एअर अॅम्ब्युलन्स ठरवली तर ते बिल बहुधा मिळत नाही. मदतकेंद्राचा चोवीस तासांचा नंबर म्हणूनच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, फक्त आजारी पडू शकणाऱ्याच्या नको.

कॅशलेसचं, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीने थेट भरण्याचं, ही पायरी ओलांडण्याआधी बघून घ्या. तुमच्या शहरातलं, तुमच्या भाषेत किंवा निदान इंग्रजीत बोलणारं कुठलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे? यादीवर विसंबू नका, हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन करा आणि पॉलिसीचं नाव सांगून विचारा.

गरोदरपण, मन आणि दात

मूल हवं असेल तर विम्याचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो. खासगी पॉलिसीत बाळंतपणाला दहा-बारा महिने किंवा त्याहून जास्त वेटिंग पिरियड असतो, आणि दिवस गेल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ते बाळंतपण येत नाही. बाळाचं नाव पॉलिसीत घालायला मुदत असते, ती आधीच विचारा. मानसिक आरोग्याच्या भेटी किती आणि कुणाकडच्या चालतात तेही बघा. नव्या देशातलं पहिलं वर्ष अनेकांना एकटं जातं आणि हे कलम वाटतं त्यापेक्षा जास्त वापरात येतं. दातांचा विमा वेगळा असतो. जायच्या आधी दात दाखवून घ्या आणि पुढे जा.

सहावी पायरी: विचारा, पण लेखी

दोन-तीन पॉलिसी उरल्या की प्रत्येक कंपनीला तोच ई-मेल पाठवा. प्रश्न उदाहरणाच्या रूपात घाला, म्हणजे गुळमुळीत उत्तर द्यायला जागा राहत नाही. जसं: मला मार्चमध्ये कर्करोगाचं निदान झालं आणि उपचार चौदा महिने चालले, मधे पॉलिसीचं नूतनीकरण आलं, तर पुढचे उपचार चालू राहतील का, आणि माझा प्रीमियम माझ्या क्लेममुळे वाढेल का? किती वयापर्यंत नूतनीकरण करता? मी देश बदलला तर वैद्यकीय तपासणी पुन्हा होणार का? रोजची औषधं बाह्यरुग्ण लाभात येतात का, आणि त्याला वर्षाची मर्यादा काय? ज्या कंपनीचं उत्तर कलमाच्या क्रमांकासह येतं, ती माझ्या यादीत एकदम वर जाते. नुसतं 'काळजी नसावी' लिहिणारी खाली.

पोहोचल्यावर

पहिल्या आठवड्यातच, बरं असताना, जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवा. बऱ्याच देशांत तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंतची वाट त्यांच्याच चिठ्ठीतून जाते. जुनी डिस्चार्ज कार्डं, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. औषधांची ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत, म्हणून मूळ घटकाचं नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधी हेही तपासा की ते औषध त्या देशात चालतं का. कोडीन, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांवर अमिरातीत कडक नियंत्रण आहे, आणि एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) काही औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

बिल भरावं लागलं तर नुसती पावती पुरत नाही. कशाकशाचे किती हे लिहिलेलं तपशीलवार बिल, निदान लिहिलेला डॉक्टरांचा कागद आणि पैसे दिल्याचा पुरावा, हे तिन्ही त्याच दिवशी मागून घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या भाषेत फोनवर मागणं किती अवघड जातं ते एकदा केलं की कळतं. क्लेमची मुदत पॉलिसीत बघून कॅलेंडरवर टाका.

आणि मायदेशातली जुनी आरोग्य पॉलिसी घाईने बंद करू नका. तिच्यात वेटिंग पिरियड पूर्ण झालेले असतात. परत आल्यावर नव्याने घ्यायला गेलात तर वयही वाढलेलं असतं आणि आजारही. बाहेर असताना ती कमी रकमेवर किंवा स्थगित ठेवता येते का ते कंपनीला विचारा. एक विमा सोडून दुसऱ्यावर जातानाही क्रम तोच: नव्या कंपनीचं लेखी स्वीकृतीपत्र हातात, त्यात काय वगळलं ते वाचलेलं, जुन्या कंपनीकडून किती काळ कव्हर होतं याचा दाखला घेतलेला, आणि मगच जुनी रद्द करायचा अर्ज.